सही खरी आहे: घरच्या संगणकाच्या सफाईच्या नोंदी

रविवार, २७ ऑक्टोबर २०२४. सातारा.

दिवाळीसाठी आठवडाभर घरी आले. बॅग ठेवायच्या आत बाबांनी संगणकाकडे बोट दाखवलं, "हा हल्ली आपल्या मनानं वागतो." खरंच वागतो. उजव्या कोपऱ्यात दर दोन-तीन मिनिटांनी जाहिरात उगवते. काहीही शोधलं की आधी एका अनोळखी पत्त्यावर उडी आणि तिथून भलत्याच शोधयंत्राची पानं. क्रोमच्या मेनूत तळाशी "तुमच्या संस्थेद्वारे व्यवस्थापित" असं लिहिलंय. घरच्या संगणकावर हे वाक्य असायचं काही कारण नाही.

यंत्र: २०१८ मध्ये जुळवून घेतलेला डेस्कटॉप, विंडोज १०, ८ जीबी रॅम, १ टीबीची फिरती हार्ड डिस्क. अँटिव्हायरस चालू आहे, अद्ययावत आहे आणि "सर्व ठीक" म्हणतो.

भाऊ फोनवर म्हणाला, फॉरमॅट मार आणि मोकळी हो. ते करणार नाही. काकांच्या कंपनीचं जीएसटीचं विवरणपत्र ज्या ई-टोकननं (डिजिटल सहीची किल्ली ठेवलेला पेनड्राइव्हसारखा तुकडा) भरतात ते याच संगणकावर बसवलंय, आणि ते बसवताना दोन दिवस गेले होते. बाबांचं जुनं मराठी टायपिंगचं सॉफ्टवेअर आहे, त्याची सीडी आता सापडत नाही. शिवाय फॉरमॅट केलं तर आलं कुठून ते कधीच कळणार नाही, आणि पुढच्या महिन्यात तेच परत येईल.

म्हणून स्वतःपुरता नियम केला: फाइलचं नाव, तिच्यावर डिजिटल सही कोणत्या कंपनीची, ती कधी आली आणि तिला कोण चालू करतं, या चार गोष्टी वहीत उतरल्याशिवाय काहीही पुसायचं नाही.

आज फक्त बाहेरच्या डिस्कवर सगळ्या कागदपत्रांची प्रत घेतली आणि ब्राउझरच्या सेटिंगमधली सूचनांची यादी पाहिली. अकरा संकेतस्थळांना "सूचना दाखवा" अशी परवानगी दिलेली होती. ती काढल्यावर कोपऱ्यातल्या निम्म्या जाहिराती जागच्या जागी थांबल्या. त्यांचा कुठल्या फाइलशी संबंधच नव्हता. हे आधी वेगळं काढलं नसतं तर पुढे नको त्या फाइलवर आळ आला असता.

सोमवार, २८ ऑक्टोबर. वसुबारस.

ऑटोरन्स चालवलं. मायक्रोसॉफ्टच्या सिसइंटर्नल्स संचातलं हे साधन. संगणक सुरू होताना आपोआप काय काय चालू होतं ते सगळं एका जागी दाखवतं: रजिस्ट्रीतल्या (विंडोजच्या सेटिंगच्या कोठारातल्या) नोंदी, सेवा, नियोजित कामं, ब्राउझरचे जोड (एक्स्टेन्शन). मायक्रोसॉफ्टच्या स्वतःच्या नोंदी लपवायची सोय आहे, ती लावली. उरल्या ५३.

सवयीनं आधी बिनसहीच्या नोंदी शोधल्या. नऊ मिळाल्या. एकेक तपासली: प्रिंटरची जुनी मदतनीस फाइल, स्कॅनरची, बाबांच्या मराठी कीबोर्डच्या दोन, आणि अशाच. नऊच्या नऊ निरुपद्रवी. मराठी कीबोर्डच्या फायली २००९ च्या आहेत; छोट्या संस्थांची त्या काळातली सॉफ्टवेअरं बहुतेक बिनसहीचीच असायची.

म्हणजे जो काही प्रकार आहे तो सहीवाल्या ४४ नोंदींत आहे. या गोष्टीवर संध्याकाळभर विचार करत बसले. अनेक वर्षं मी स्वतः लोकांना सांगत आले आहे की "सही नसेल तर संशय घ्या". त्या वाक्याची दुसरी बाजू, म्हणजे सही असेल तर निश्चिंत राहा, मी कधी बोलले नाही. पण ऐकणाऱ्यानं तीच घेतली. बाबांनी तीच घेतली होती.

मंगळवार, २९ ऑक्टोबर. धनत्रयोदशी.

बाबा निवृत्त तलाठी. नोकरीच्या शेवटच्या वर्षांत ई-फेरफार आला तेव्हा त्यांच्याही हातात डिजिटल सहीचं टोकन होतं. आजही गल्लीतल्या चार लोकांना ते पंधरा रुपये भरून डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा काढून देतात. त्यामुळे "डिजिटल सही" हा शब्द त्यांच्यासाठी जड आहे. परवानगी विचारणारी खिडकी निळ्या पट्टीची असली आणि तिच्यावर पडताळलेल्या प्रकाशकाचं नाव असलं की ते "हो" दाबतात. पिवळी पट्टी, म्हणजे प्रकाशक अज्ञात, असली की मला फोन करतात. त्यांच्या परीनं ते काळजीच घेत होते.

त्यांना समजावायचं तर आधी मला नेमकं मांडता यायला हवं, म्हणून लिहून काढते.

विंडोजच्या फाइलवरच्या सहीला ऑथेंटिकोड म्हणतात. १९९६ पासून आहे. कंपनी एका प्रमाणन संस्थेकडे जाते, आपली नोंदणी आणि पत्ता दाखवते, संस्था तिला प्रमाणपत्र देते. कंपनी आपल्या गुप्त किल्लीनं फाइलच्या हॅशवर, म्हणजे मजकुरातून गणितानं काढलेल्या ठशावर, सही करते. आपल्या संगणकाला त्यातून दोन गोष्टी कळतात: सही या नावाच्या कंपनीची आहे, आणि सही झाल्यावर फाइलच्या मजकुरात बदल झालेला नाही. इतकंच. फाइल काय करते हे प्रमाणन संस्थेनं पाहिलेलंच नसतं.

हे वाचून दाखवल्यावर बाबा म्हणाले, "म्हणजे नोटरी." मग त्यांनीच पुढे सांगितलं, "प्रतिज्ञापत्रावर नोटरीचा शिक्का असतो तो सही करणारा माणूस तोच आहे यासाठी. आत लिहिलेलं खोटं असेल तर ते त्या माणसाच्या डोक्यावर. नोटरी मजकुराची हमी घेत नाही." यापेक्षा चांगलं मला सांगता आलं नसतं. वहीत त्यांच्याच शब्दांत उतरवलं.

चोरलेल्या किल्लीचा प्रकार वेगळा. २०१० मध्ये उघडकीला आलेल्या स्टक्सनेट या घातक सॉफ्टवेअरच्या ड्रायव्हरांवर रिअलटेक आणि जेमायक्रॉन या तैवानी कंपन्यांच्या सह्या होत्या. त्या कंपन्यांनी त्या केलेल्या नव्हत्या. अशी चोरी अवघड व्हावी म्हणून १ जून २०२३ पासून सहीची किल्ली टोकनसारख्या सुरक्षित हार्डवेअरमध्येच ठेवायचा नियम झाला आहे, काकांच्या ई-टोकनसारखाच. पण ॲडवेअरवाल्याला, म्हणजे जाहिराती लादणारं सॉफ्टवेअर बनवणाऱ्याला, चोरी करायची गरजच नसते. त्याची कंपनी नोंदलेली असते, प्रमाणपत्र पैसे भरून रीतसर घेतलेलं असतं. माद्रिदच्या आयएमडीईए सॉफ्टवेअर संस्थेतल्या संशोधकांनी २०१५ मध्ये साडेतीन लाखांवर संशयित नमुने तपासले होते. त्यांतल्या सहीवाल्या फायलींपैकी ८८ ते ९५ टक्के याच जातीच्या निघाल्या: विषाणू नव्हे, "नको असलेली" सॉफ्टवेअरं. खऱ्या विषाणूंवर सही क्वचितच असते.

बुधवार, ३० ऑक्टोबर.

आज खरं काम झालं.

सिगचेक हे त्याच संचातलं दुसरं साधन. त्याला प्रोग्रॅम फाइल्स, प्रोग्रॅमडेटा आणि बाबांच्या खात्याचं ॲपडेटा, हे तीन फोल्डर दिले: उपफोल्डरांसकट सगळ्या चालवण्याजोग्या फायली, प्रत्येकीचा सही करणारा, सहीची तारीख, हॅश, सगळं सीएसव्हीत. फिरत्या डिस्कवर त्याला पाऊण तास लागला. तोवर आईबरोबर चकल्या पाडल्या.

विंडोजच्या स्वतःच्या फायली पाहताना एक ध्यानात ठेवावं लागतं. त्यांतल्या पुष्कळांची सही फाइलमध्ये नसतेच, वेगळ्या कॅटलॉग फाइलमध्ये असते. नोटपॅडवर उजवी कळ दाबून गुणधर्म उघडले तर डिजिटल सहीचा टॅबच दिसत नाही. म्हणून नुसत्या गुणधर्मांच्या खिडकीवरून "ही बिनसहीची" असा निकाल देऊ नये. सिगचेक कॅटलॉगही पाहतं.

सीएसव्ही स्प्रेडशीटमध्ये घेऊन सही करणाऱ्याच्या नावानं गट पाडले. हजारो फायली, पण नावं फक्त ४१. हा या पद्धतीचा मोठा फायदा आहे: फाइलचं नाव, आयकॉन, वर्णन हे हवं तसं लिहिता येतं, पण सहीतलं नाव प्रमाणपत्रात असतं तेच येतं. ४१ पैकी ३८ ओळखीची: ब्राउझर, प्रिंटर, ग्राफिक्स, टोकनची कंपनी, अशी. तीन अनोळखी. इथे त्यांना क, ख, ग म्हणते.

क: सहा फायली, चार फोल्डरांत. वर्णनात एकीला "अपडेट सेवा" म्हटलंय, एकीला "पीडीएफ मदतनीस", एकीला "हवामान". उत्पादनं चार, सही एक, प्रमाणपत्राचा अनुक्रमांकही एक. प्रामाणिक छोटी कंपनी हवामान आणि पीडीएफ दोन्ही करू शकते, पण दोन्ही एकाच मिनिटात एकाच संगणकावर येत नाहीत. या सहाही फायलींची निर्मितीची वेळ १२ ऑगस्ट, सकाळी ११:४४ ते ११:४६.

ख: दोन फायली. कंपनीचं नाव वेगळं, प्रमाणन संस्थाही वेगळी. सुटलीच असती. पण प्रमाणपत्राचा तपशील पूर्ण उघडला तर त्यात शहर आणि कधी कधी रस्त्याचा पत्ताही असतो, आणि तो कच्याच इमारतीचा निघाला. वेळ ११:४५.

ग: एकच फाइल, माझ्या डोळ्यांना फार संशयास्पद वाटली. तासभर घालवला. बाबांच्या रक्तदाबाच्या यंत्राचं सॉफ्टवेअर होतं. प्रकाशक दुसऱ्या देशातला, नाव उच्चारता न येणारं, म्हणून मी संशय घेतला. नाव अनोळखी असणं आणि वागणूक वाईट असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ग ला यादीतून काढलं.

कच्या प्रमाणपत्राची मुदत मार्च २०२४ मध्येच संपली होती, तरी पडताळणीत "वैध" येतं. यात बिघाड नाही. सही करताना तिच्यावर वेळेचा शिक्काही मारून घेतलेला आहे. त्या दिवशी प्रमाणपत्र चालू होतं, एवढं पुरतं. दस्त नोंदवणारा दुय्यम निबंधक निवृत्त झाला म्हणून जुना दस्त रद्द होत नाही, तसंच.

गुरुवार, ३१ ऑक्टोबर. नरकचतुर्दशी.

पहाटे अभ्यंगस्नान, मग फराळ, मग पाहुणे. दुपारी तासभर मिळाला, पण त्या तासात आठवड्यातलं सगळ्यात महत्त्वाचं कळलं.

इंटरनेटवरून उतरवलेल्या फाइलला विंडोज एक अदृश्य चिठ्ठी चिकटवतं. झोन आयडेंटिफायर नावाचा जोडप्रवाह. त्यात बहुतेक वेळा फाइल कोणत्या पत्त्यावरून आली आणि त्याआधी कोणतं पान उघडं होतं, तेही असतं. विंडोजला आज्ञा देण्याच्या पॉवरशेल या साधनातून वाचता येतो. डाउनलोड फोल्डरमध्ये १२ ऑगस्ट, ११:४२ ची एक स्थापक फाइल (इन्स्टॉलर) होती, सही कची. चिठ्ठीतलं आधीचं पान एका जाहिरातीचं होतं, आणि त्या पत्त्यातच शोधलेले शब्द होते: सातबारा, डिजिटल सही, पडताळणी.

बाबांना विचारलं. त्यांना लगेच आठवलं. शेजारच्या आजोबांचा सातबारा काढून दिला होता. पीडीएफ उघडल्यावर सहीच्या जागी पिवळं प्रश्नचिन्ह आणि "वैधता अज्ञात" असं दिसत होतं. आजोबा म्हणाले, बँक हा घेणार नाही, हिरवी खूण पाहिजे. म्हणून बाबांनी हिरवी खूण आणणारं सॉफ्टवेअर शोधलं आणि पहिलं दिसलं ते उतरवलं. खिडकी निळी होती, नाव होतं. "हो" दाबलं.

त्या पिवळ्या खुणेत काहीच चूक नव्हती. आपल्याकडच्या डिजिटल सह्यांचं मूळ भारत सरकारच्या सीसीएच्या (प्रमाणन संस्थांच्या नियंत्रकाच्या) प्रमाणपत्रात असतं. पीडीएफ वाचक स्वतःच्या विश्वासाच्या यादीत ते मूळ नसेल तर "माहीत नाही" म्हणतो. सहीचे गुणधर्म उघडून, साखळी वरपर्यंत सीसीएपर्यंत जाते हे पाहून, ते प्रमाणपत्र विश्वासू म्हणून जोडलं की हिरवी खूण येते. दोन मिनिटांचं काम, कुठलंही नवं सॉफ्टवेअर लागत नाही. आज बाबांच्या समोर केलं, आजोबांच्या त्याच पीडीएफवर. खूण हिरवी झाली तेव्हा बाबा बराच वेळ पडद्याकडे पाहत राहिले.

मला याचा राग येतो. एक माणूस सही खरी आहे का हे तपासायला निघाला होता, आणि नेमक्या त्याच शब्दांवर कोणीतरी जाहिरात विकत घेऊन ठेवली होती.

शुक्रवार, १ नोव्हेंबर. लक्ष्मीपूजन.

डाउनलोड फोल्डरमध्ये त्या स्थापकाच्या दोन प्रती आहेत. बाबांनी दोनदा दाबलं असावं. आकार बाइटभरही वेगळा नाही. दोन्हींवर कची सही, दोन्ही "वैध". पण शा-२५६ हॅश वेगवेगळे.

हे कसं? सही झाल्यावर फाइल बदलली तर सही मोडायला हवी, असं मंगळवारीच लिहिलं.

उत्तर सहीच्या रचनेत आहे. ऑथेंटिकोडचा हॅश काढताना फाइलचे काही भाग वगळतात: शीर्षकातली चेकसमची जागा, सहीच्या तक्त्याचा पत्ता, आणि फाइलच्या शेवटी जोडलेला तो सहीचा तक्ता. तक्त्याला वगळावंच लागतं, कारण सही स्वतःवरच सही करू शकत नाही. पण त्या तक्त्यात सहीच्या मागे रिकामी जागा सोडली, तर तिथे नंतर काहीही लिहिता येतं आणि सही अबाधित राहते. सिगचेक नेहमीच्या हॅशबरोबर पीई-२५६ नावाचा हॅशही देतं, म्हणजे हे भाग वगळून काढलेला. तो दोन्ही प्रतींचा तंतोतंत एक आला.

फाइलचे बाइट जसेच्या तसे दाखवणाऱ्या हेक्स दर्शकात दोन्हींचा शेवट उघडला. सहीच्या मागे एक मजकूर: मोहिमेचं नाव आणि एक लांब आकडा. नाव दोन्हींत एक, आकडा वेगळा. प्रत्येक डाउनलोडला वेगळा क्रमांक, बहुधा ज्या मध्यस्थानं गिऱ्हाईक आणलं त्याला पैसे पोचावेत म्हणून.

याचा व्यवहारातला परिणाम लगेच दिसला. अनेक अँटिव्हायरसांचे निकाल एकत्र दाखवणाऱ्या व्हायरसटोटल या संकेतस्थळावर पहिल्या प्रतीचा हॅश शोधला: तीसहून अधिक इंजिनांनी ॲडवेअर म्हटलेलं. दुसऱ्या प्रतीचा शोधला: असा नमुना आढळला नाही. फाइल तीच, फरक फक्त शेपटीतल्या आकड्याचा. नुसत्या हॅशवर विसंबणाऱ्या यादीला हे कधीच सापडणार नाही. (फक्त हॅश शोधले, फायली चढवल्या नाहीत. तिथे चढवलेली फाइल इतर संशोधकांनाही मिळू शकते. घरच्या संगणकावरची कुठलीही फाइल न पाहता तिथे टाकू नये.)

ही पळवाट मायक्रोसॉफ्टला माहीत आहे. डिसेंबर २०१३ मध्ये त्यांनी यावर कडक तपासणी आणली, सीव्हीई-२०१३-३९०० या सुरक्षादोषाच्या क्रमांकानं. पण ती आपोआप लागू नाही, रजिस्ट्रीत हातानं चालू करावी लागते, कारण कितीतरी सभ्य स्थापकही हीच जागा वापरतात. ६४-बिट विंडोजवर दोन ठिकाणी किंमत लिहावी लागते. लिहिली, संगणक पुन्हा सुरू केला. आता कच्या दोन्ही प्रती बिनसहीच्या दिसतात. बाबांच्या खिडकीला आता पिवळी पट्टी येईल.

संध्याकाळी पूजेला वहीबरोबर संगणकालाही हळदकुंकू लागलं.

शनिवार, २ नोव्हेंबर. पाडवा.

काढण्याचा दिवस. नेट बंद केलं.

कच्या दोन प्रक्रिया चालू होत्या. एक बंद केली की दुसरी तिला पुन्हा उठवते. प्रोसेस एक्सप्लोररमध्ये आधी दोघींना गोठवलं आणि मग मारलं. गोठलेली प्रक्रिया दुसरीला उठवू शकत नाही. नंतर तीन नियोजित कामं (एक लॉगिनला, दोन दर तासाला), त्यांची प्रत काढून पुसली. एक सेवा. मग क्रोमच्या धोरणांची रजिस्ट्रीतली यादी: तिथे एका जोडाची सक्तीची नोंद होती, "संस्था" ती हीच. नोंद काढल्यावर मेनूतलं वाक्य गेलं आणि जोडही हटवता आला. डेस्कटॉपवरच्या ब्राउझरच्या शॉर्टकटमध्ये शेवटी एक पत्ता चिकटवलेला होता, तो खोडला. आठही फायली पासवर्ड घालून पेनड्राइव्हवर ठेवल्या आणि मूळ पुसल्या.

विंडोज कोणावर विश्वास ठेवतं आणि कोणावर नाही हे ज्यांत असतं, ती प्रमाणपत्रांची कोठारं पाहायची राहिली होती. दोन जुन्या घटना डोक्यात होत्या. लेनोव्होच्या लॅपटॉपांवर आधीच बसवून दिलेल्या सुपरफिश या ॲडवेअरनं स्वतःचं मूळ प्रमाणपत्र घुसवल्याचं २०१५ मध्ये उघडकीला आलं, त्यामुळे बँकेच्या पानांतही डोकावता येत होतं. त्याच वर्षी व्हॉन्टिरा नावाच्या ॲडवेअरनं उलट युक्ती केली: तेरा प्रमाणपत्रं, अँटिव्हायरस कंपन्यांची, "अविश्वासू" कोठारात टाकली, म्हणजे विंडोजच त्या साधनांना अडवणार. आपल्याकडे अविश्वासू कोठारात काही वावगं नाही. मूळ कोठारात एक अनोळखी सापडलं, १२७.०.०.१ साठीचं, म्हणजे याच संगणकाच्या स्वतःच्या पत्त्यासाठीचं. पोटात गोळा आला. ते काकांच्या टोकनच्या सहीच्या सॉफ्टवेअरचं निघालं. ब्राउझरला त्याच संगणकावरच्या टोकनशी बोलता यावं म्हणून ठेवलेलं. राहू दिलं, वहीत लिहिलं.

क आणि ख यांची प्रमाणपत्रं मात्र मीच अविश्वासू कोठारात टाकली. पेनड्राइव्हवरच्या प्रतीवर पडताळणी केली: आता "विश्वास नाही" येतं. याला मर्यादा आहे. प्रशासकाची परवानगी मागणारी फाइल अडेल. परवानगी न मागता बाबांच्याच खात्यात चालणारी अडणार नाही. त्यासाठी विंडोजच्या डिफेंडर या अँटिव्हायरसमधलं संभाव्य नकोशा ॲपांना अडवण्याचं बटण चालू केलं, ते बंद होतं. आणि बाबांचं रोजचं खातं साधं केलं, प्रशासकाचं वेगळं. पासवर्ड आईकडे.

रविवार, ३ नोव्हेंबर. भाऊबीज.

सिगचेक पुन्हा चालवलं. नावं ३९. क नाही, ख नाही.

दोन्ही प्रमाणन संस्थांना तक्रार लिहिली; गैरवापर कळवायला त्यांचे पत्ते असतात. अनुक्रमांक, दोन्ही हॅश, शेपटीतल्या मजकुराचं चित्र, शोधाच्या जाहिरातीचा पत्ता, सगळं जोडलं. प्रमाणपत्र रद्द करताना मागची तारीख लावली नाही तर शिक्का मारलेल्या जुन्या सह्या वैधच राहतात, म्हणून तारखेची विनंती वेगळ्या परिच्छेदात केली.

दुपारच्या गाडीनं पुण्याला परत.

रविवार, १७ नोव्हेंबर. पुणे.

खच्या प्रमाणन संस्थेचं उत्तर आलं: प्रमाणपत्र रद्द, तारीख जुलैची. म्हणजे बाबांच्या १२ ऑगस्टच्या आधीची. पेनड्राइव्हवरच्या प्रती दुसऱ्या संगणकावर तपासल्या. रद्द म्हणूनच दिसतात. कच्या संस्थेकडून फक्त पोच.

संध्याकाळी बाबांचा फोन. शेजारच्या आजोबांच्या नातवाचा लॅपटॉप त्यांच्यापुढे उघडा होता. त्यांनी गुणधर्मांची खिडकी उघडून प्रकाशकाचं नाव मला अक्षर अक्षर वाचून दाखवलं. क.

"फाइल पुसू का, असं तो विचारतोय," बाबा म्हणाले. "मी सांगितलं, आधी वही आण."

शनिवारी सकाळच्या गाडीनं साताऱ्याला जाते आहे. पेनड्राइव्ह घेतला.